अंबू, मधाची वाटी आण

"दार लावून घ्या गो," अंबूआत्या म्हणाल्या, आणि माजघराचं दार आतून लागलं. वर आणखी माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दाराला पाठ लावून पाटावर बसवलं. आता आरती होईपर्यंत आतल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असा आमच्या घरचा रिवाज.

आमच्या घरचा म्हणते खरी, पण तेव्हा ते घर माझं व्हायचं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर बार्शीचं, ठेचाभाकरीतलं. गुहागरच्या अलीकडच्या खांबेट्यांच्या घरात येऊन पडले आणि पहिल्याच दिवशी आमटीत गूळ घालायला विसरले. तेव्हापासून मी 'घाटावरची कांचन'. "घाटी आहे हो, बोलते जरा रांगडं, पण मनानं वाईट नाही," अशी अंबूआत्या माझी ओळख करून द्यायच्या. ओळख कसली, खेटर दुधात भिजवून मारलेलं.

अंबूआत्या माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासर दोन आळ्या सोडून, पण राज्य करायला माहेर. कुणी काय ल्यायचं, लोणच्याला कैरी कुठली, सुनेनं माहेरी कधी जायचं, सगळं आत्या ठरवणार. माई हो ला हो म्हणायच्या. खरं तर हो सुद्धा म्हणायच्या नाहीत, नुसती मान हलवायच्या.

तर ती नवरात्रातली अष्टमी. दिवसभर खपून तांदळाच्या उकडीचा मुखवटा करायचा, डोळेनाक काजळानं रेखायचे, शालू नेसवून महालक्ष्मी उभी करायची. मग तिन्हीसांजेला बायकांनी घागरी घ्यायच्या, उदाच्या धुरावर धरायच्या, तोंडाशी नेऊन फुंकायच्या आणि फेर धरायचा. पाचपंचवीस बायका एकदम घागरी फुंकू लागल्या की घर घुमतं. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग ती बोलेल तो देवीचा शब्द. लग्नाला पाच वर्षं न झालेल्या सुनांचा त्यात मान. म्हणजे त्या वर्षी माझा आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, वैजूवहिनींचा.

मी घागर फुंकत होते आणि डोळे वहिनींवर लावून बसले होते. माझ्या पदराच्या गाठीत खडीसाखर होती. ती तिथं का होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

पावसाळ्यात एकदा मी माठात पाणी भरायला मागच्या पडवीत गेले, तर वहिनी तिथं भिंतीकडे तोंड करून मांडीत सुई टोचून घेत होत्या. माझ्या हातातली कळशी पडायची राहिली. माठाच्या तिवईखाली गार वाळू असायची, त्या वाळूत पुरलेली पावडरची डबी त्यांनी मला दाखवली. आत औषधाची बाटली.

"मधुमेह आहे मला," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. रोज टोचून घ्यावं लागतं. नाही टोचलं तर जगणार नाही."

"भाऊजींना माहीत आहे?"

"यांना सांगितलं पहिल्याच आठवड्यात. ते चांगले आहेत ग. पण आत्यापुढे त्यांची बोबडी वळते. आत्यांना कळलं तर म्हणतील, फसवून पोर गळ्यात मारली. चुलत घरातल्या त्या सुनेचं काय केलं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. तिला पाठीवर पांढरा डाग निघाला, आणि आत्यांनी तिला दिवाळसणाला म्हणून माहेरी धाडली ती धाडलीच. परत आणायला कुणी गेलं नाही.

"आता कळलंच आहे तुला, तर एक ऐकून ठेव," वहिनींनी माझा हात धरला. "सुई घेतली आणि पोटात काही गेलं नाही, तर साखर कमी पडते माझ्या रक्तात. घाम सुटतो, हात कापतात, मी काहीबाही बरळते. तेव्हा मला विचारत बसू नकोस. मी नको म्हटलं तरी साखर दे, गूळ दे, सरबत दे. आणि शुद्ध गेली तर तोंडात पाणीबिणी ओतायचं नाही. श्वासात जाईल. कुशीवर निजवायचं, आणि बोटाला मध नाही तर साखर लावून गालाच्या आतून चोळायची. थोडी थोडी. आणि बाई ग, डॉक्टरला बोलवायचं."

एवढं शिक्षण मला त्या पडवीत मिळालं. तेव्हापासून माझ्या पदराला गाठ. बायका चेष्टा करायच्या, "कांचनला गोड लागतं वाटतं आता, कोकणी झाली." होऊ दे म्हटलं.

एरवीचे उपास वहिनी निभावून न्यायच्या. राजगिऱ्याचा लाडू, रताळं, दूध, असं खात राहायच्या. पण त्या वर्षी अष्टमीच्या सकाळी, वहिनींची सुई घेऊन झाल्यावर, आत्या आल्या आणि म्हणाल्या, "वैजू, चार वर्षं झाली लग्नाला, पाळणा नाही. आज निर्जळी कर. रात्री आईला विचारू."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी पेपर वर केला.

मला वाटलं होतं, चोरून काहीतरी देता येईल. कसलं काय. आत्यांनी दिवसभर वहिनींना मुखवट्याला बसवलं आणि स्वतः शेजारी मांडी ठोकली. मला चुलीपाशी नारळ खवायला. दुपारी मी लिंबाच्या सरबताचा पेला घेऊन गेले. "आत्या, जरा घोटभर. उकाडा किती आहे."

"निर्जळी म्हणजे निर्जळी," आत्या म्हणाल्या. "तुमच्या बार्शीत सरबताची निर्जळी करतात काय?"

बायका हसल्या. वहिनींचा हात उकडीत होता आणि तो हलकासा कापत होता. मी पेला परत नेला. त्या पेल्याचा मला आजही राग येतो.

आणि आता दार लागलं होतं. धुरानं डोळे चुरचुरत होते. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं समया विझतात. बायका भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी फेरातून सरकत सरकत वहिनींच्या जवळ जायला बघत होते, पण मधे शेजारच्या लिमयेकाकू. त्यांना ओलांडून जायचं म्हणजे परशुराम घाट ओलांडायचा.

वहिनींची घागर हातातून सुटली. पितळेची घागर फरशीवर गडगडत गेली आणि सगळे आवाज एकदम थांबले.

त्या मधोमध उभ्या होत्या. चोळी पाठीला चिकटलेली, कपाळावरून कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत आलेला. नजर कुणावरच नाही. डोलत होत्या. ओठ हलत होते, शब्द कळत नव्हते.

"आली," आत्या कुजबुजल्या. "आई आली."

सगळ्या बायका धपाधप खाली बसल्या. हात जोडले गेले. मी तेवढी उभी.

"आत्या, त्यांना बरं वाटत नाहीये," मी म्हटलं. "उपाशी आहेत. साखर द्यायला हवी."

"खाली बस."

"आत्या, अहो ऐका तरी..."

"आईला बरं वाटत नाही म्हणतेस? जीभ झडेल." आणि त्यांनी माझ्या मनगटाला धरून मला खाली ओढलं. आत्यांची पकड म्हणजे विळ्याची. गाठ असलेला माझा पदर त्यांच्या मांडीखाली गेला. ओढून बघितला, सुटेना.

लिमयेकाकू पुढे सरसावल्या. "आई, माझ्या सुधाकराची बदली होईल का ग रत्नागिरीला?"

वहिनी काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाली?"

"घरी... मला घरी जायचंय," वहिनी म्हणाल्या. लहान मुलीसारखा आवाज. आई-बापाच्या घरी जायचं होतं हो तिला.

"घरी म्हणजे कोल्हापूरला," आत्यांनी अर्थ लावला. "आईला तिथं बोलावणं हवंय. सुधाकराला म्हणावं, कोल्हापूरला जाऊन ओटी भर, बदली होईल."

लिमयेकाकूंनी डोळे पुसले. मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर काय म्हणणार होते? हिला मधुमेह आहे, ही रोज सुई घेते, हे म्हणणार होते. मग वहिनी जगल्या असत्या आणि दिवाळीला माहेरी गेल्या असत्या. अन् नाही सांगितलं तर इथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हात जोडून घेत घेत गेल्या असत्या. दाराकडे पाहिलं. दाराशी माई बसलेल्या. त्यांची नजर वहिनींवर खिळलेली, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरलेला. पण त्या हलल्या नाहीत.

वहिनींचे गुडघे वाकले. त्या खाली कोसळल्या, आणि अंगाला झटके येऊ लागले.

"तीर्थ आणा," आत्या म्हणाल्या. "तोंडात घाला तीर्थ."

लिमयेकाकूंनी तीर्थाचा तांब्या उचलला.

ते तांब्यातलं पाणी मला दिसलं, आणि वहिनींची पडवीतली वाक्यं कानात आली. मग मी जे केलं ते मी केलं की माझ्याकडून कुणी करवलं, हे मला आजही सांगता यायचं नाही. माझ्यासमोर वहिनींची घागर पडली होती. मी मोकळ्या हातानं ती ओढली, तोंडाशी धरली आणि जीव खाऊन फुंकली. एकदा, दोनदा. मग घागर फेकली, केस सोडले, आणि आत्यांच्या हाताला असा हिसडा दिला की पदर टर्रकन फाटला.

उभी राहिले. पुढे काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. देवी कशी बोलते, मी कुठं ऐकलं होतं?

"अंबू," मी म्हटलं.

अंबूआत्यांना त्या गावात एकेरी हाक मारणारं माणूस हयात नव्हतं.

"अंबू, मधाची वाटी आण."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत शंका होती, मला ती स्पष्ट दिसली. नैवेद्यापुढच्या पंचामृताच्या वाट्या त्यांच्या हातभर अंतरावर होत्या. त्या हलेनात. लिमयेकाकू तांब्या घेऊन वहिनींवर वाकलेल्या. भीतीनं माणसाची माहेरची बोली बाहेर येते.

"अगं आण की लवकर," मी कडाडले. "बगत काय बसलीयस? अन् ए, त्यो तांब्या ठिव खाली. पाण्याचा थेंब घालायचा न्हाई तिच्या तोंडात."

संपलं, मला वाटलं. आता कळलं सगळ्यांना. घाटी बोलली.

पण मागून कुणीतरी म्हातारी हळूच म्हणाली, "कोल्हापूरची ना ती. घाटीच बोलायची."

आत्यांनी हात जोडले. लिमयेकाकूंनी तांब्या ठेवला. निदान मला वाटलं त्यांनी ठेवला. नंतर आठवून बघते तर तो त्यांच्या हातातून माईंनी काढून घेतला होता. दार सोडून माई कधी उठल्या, ते मी पाहिलं नाही. मधाची वाटीही माझ्या हातात आत्यांनी नाही दिली. माईंनी दिली.

मी वहिनींपाशी बसले. झटके थांबले होते, घशातून घरघर येत होती. त्यांना कुशीवर वळवलं. माईंनी पलीकडून पाठीला गुडघा लावून आधार दिला. दात घट्ट मिटलेले. बोट मधात बुडवलं, शेजारच्या वाटीतल्या साखरेत घोळवलं, ओठ आणि दात यांच्यामधून गालाच्या आत सरकवलं आणि चोळलं. पुन्हा. पुन्हा. तोंडानं मात्र देवीचं चालू ठेवायला हवं होतं, नाहीतर आत्या भानावर आल्या असत्या.

"ही माझी धाकटी भण हाय," मी बोटाला मध लावत म्हणत होते. "हिला उपाशी ठेवलंसा तुम्ही. माझ्या दारात माझी भण उपाशी. वर्षातनं एकदा येते मी, तर ही तऱ्हा."

"चुकलं आई," बायका म्हणाल्या.

"अंबू, तू बोल."

"चुकलं आई. पदरात घे."

"पुन्यांदा हिला उपास घालायचा न्हाई. एकादशी न्हाई, संकष्टी न्हाई, कायबी न्हाई. ही मागंल तवा हिला खायला द्यायचं. ही जेवली की मी जेवले. ऐकलंसा?"

"ऐकलं."

"अन् डाक्तर आणा."

तिथं जरा गडबड झाली. देवी डॉक्टर मागते म्हटल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात माईंचा आवाज आला. त्या घरात आल्यापासून माईंचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"आईची आज्ञा झाली आहे. दार उघडा. कुणीतरी जाऊन डॉक्टरांना घेऊन या."

दार उघडलं. बाहेरचा वारा आत आला, दोन समया विझल्या, आणि त्या दिवशी कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

किती वेळ मी तशी चोळत बसले होते कुणास ठाऊक. मधाची वाटी निम्मी झाली. माझं बोट वहिनींच्या दातांनी सोललं. आणि मग त्यांच्या गालाचा स्नायू माझ्या बोटाखाली हलला. जीभ हलली. गिळल्याचा आवाज आला. इतका गोड आवाज मी त्यानंतर फक्त माझी लेक जन्मल्यावर ऐकला.

"कांचन," वहिनी पुटपुटल्या, "केस का सोडलेत ग तू?"

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसढसा रडले. "आई चालली," आत्या म्हणाल्या. "जाताना रडतेच ती." सगळ्या माझ्या पायांवर डोकं ठेवायला रांगेनं आल्या. पहिल्या आत्या. मला पाय मागे घ्यायचे होते, पण मांडीवर वहिनी होत्या. हलता येईना.

वहिनी नीट बसत्या झाल्यावर त्यांना दुपारचं ते सरबत दिलं, मग दूधभात. डॉक्टर आले तेव्हा माईच पुढे झाल्या. त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी वहिनींची नाडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "अशक्तपणा आहे. उपास बंद."

"आईनंही तेच सांगितलं हो," अंबूआत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी मागच्या पडवीत गेले. वहिनींना उठवत नव्हतं, सुई त्यांना खोलीतच नेऊन द्यावी म्हटलं. तिवईखालची वाळू उकरली. डबी नव्हती. दुसऱ्या बाजूनं उकरली. माठ हलवून बघितला. आत्यांना मिळाली, दुसरं काय. मी तशीच वाळूचे हात घेऊन स्वयंपाकघरात आले. माई एकट्याच चहा करत होत्या.

"कांचन, फ्रीजमधून दूध काढ," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे तेव्हा नवा फ्रीज होता. त्याच्या दारात अंडी ठेवायच्या खाचा होत्या. ब्राह्मणाच्या घरात त्यांचा उपयोग काय, म्हणून त्या रिकाम्या असायच्या. मी दार उघडलं, आणि पहिल्याच खाचेत वहिनींच्या औषधाची बाटली उभी होती. शेजारच्या खाचेत सुया, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या.

मला दूध काढायचं सुचेना.

"वाळूत उन्हाळ्यात तापतं ते," माई गाळणं धरून म्हणाल्या. "वन्सं फ्रीज उघडत नाहीत. शिळं-पाकं असतं म्हणतात त्यात."

"माई, तुम्हाला कधीपासून..."

"पहिल्या उन्हाळ्यापासून. माठ धुताना सापडली डबी. परत होती तशी पुरून ठेवली. वाळू सुकली की ओली करत होते."

मला एकदम राग आला. लाज सोडून म्हटलं, "मग काल? काल तुम्ही दाराशी बसला होतात माई. तुम्हाला माहीत होतं."

माईंनी चहाचे कप भरले. एक माझ्यापुढे सरकवला. चहा बशीत सांडला.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "उठायचं होतं मला. शपथेवर सांगते, उठायचंच होतं. वन्संच्या पुढे उठायची सवयच राहिली नाही ग. लग्न होऊन आले तेव्हा तुझ्याएवढी होते. तेव्हापासून दर अष्टमीला घागर फुंकतेय." त्यांनी बशीतला चहा कपात ओतला. "माझ्या अंगात कधी आलीच नाही ती. आणि आणावी, हे कधी सुचलं नाही."

मी वाळूचे हात धुतले आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसले.

बाहेर आत्यांच्या चपलांचा आवाज आला. माई उठल्या, फ्रीजचं दार लावलं, आणि जाता जाता माझ्या सुटलेल्या केसांना हात लावून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुझ्याच अंगात येऊ दे हो. वैजूला पाच वर्षं पुरी व्हायचीत अजून. नंतरचं नंतर बघू."

नंतरचं नंतर कधी आलंच नाही. आत्या गेल्या, माई गेल्या. वहिनींना आता नातू आहे आणि त्यांची सुई साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी दर अष्टमीला लिमयेकाकूंची सून आणि तिच्या मैत्रिणी दार लावून घेतात, मला मधोमध बसवतात आणि घागर हातात देतात. नाही म्हणून बघितलं. ऐकत नाहीत. मग मी फुंकते, बार्शीची बोली काढते, आणि दाराला पाठ लावून कोण गप्प बसलंय, ते आधी बघून घेते.